धुऱ्यावर शिकायचा गतीचा धडा

माझा पुतण्या नववीत आहे. विज्ञानातला गतीचे नियम हा धडा त्यानं घडाघडा पाठ केला होता, अन् मी सहज विचारलं की बाबू, वावराला एक चक्कर मारून तू होता तिथंच परत आला त विस्थापन किती, त पोट्टा गप. मंग म्हणे, "काका, अंतर अन् विस्थापन एकच त आहे, काहून दोनदा पाठ करा लागते?" पुस्तक घरी ठेवलं अन् वावरात गेलो. तुमच्या घरी कोणी असं अडलं असेल त हेच करून पाहा, लागते काय त मोजायचा टेप, मोबाईल अन् थोडासा चुना.

पयले धुरा, म्हणजे वावराचा बांध, मोजा. आमचा एक तुकडा जवळपास एकराचा आहे, 100 मीटर लांब अन् 40 रुंद. दोन धुरे चालून समोरच्या कोपऱ्यावर गेलं की अंतर झालं 140 मीटर. पण पऱ्हाटीतून तिरपी दोरी ताणली तर ती 108 मीटरच भरते (पायथागोरस लावून पाहा), हे विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, अन् कोणत्या दिशेला तेही सांगा लागते नाही तर उत्तर अर्धंच. पूर्ण चक्कर मारली तर अंतर 280 अन् विस्थापन शून्य. पाय दुखतात ते अंतरानं.

आता मोबाईलची स्टॉपवॉच लावून तेच चाला. कोपऱ्यावर पोहोचायला 100 सेकंद लागले त चाल आली 1.4 मीटर प्रति सेकंद अन् वेग 1.08, कारण चालीसाठी अंतराला वेळेनं भागायचं, वेगासाठी विस्थापनाला. ताशी किलोमीटरचं मीटर-सेकंद करायचं असलं तर 18 ला 5 एवढंच ध्यानात ठेवा, 36 ला 10, 54 ला 15.

सरासरीत मात्र सगळेच फसतात, मीही फसलो होतो. बाजाराचं गाव 12 किलोमीटर, जाताना रिकामी सायकल ताशी 12 नं गेली, येताना कॅरियरवर ढेपेचं पोतं म्हणून 6 नं आली. सरासरी 9 का? नाही बाप्पा. जायला 1 तास, यायला 2, म्हणजे 24 किलोमीटर 3 तासात, सरासरी चाल 8. हळू चालीवर जास्त वेळ गेला ना, म्हणून ती उत्तराला खाली ओढते.

त्वरण म्हणजे जोरात पळणं नव्हे, वेग किती झपाट्यानं बदलते ते, हे दहादा सांगा लागते. एसटी सरळ रोडवर 60 नं एकसारखी चालली त त्वरण शून्य. फाट्यावरून निघताना पाठ सीटला दाबल्या जाते तेव्हा त्वरण असते, समोर बकऱ्या आल्या अन् ड्रायव्हरनं ब्रेक मारला तेव्हाही असते, फक्त ऋण. वळणावर स्पीडचा काटा हलला नाही तरी दिशा बदलली, म्हणून तिथंही आहेच.

हे डोळ्यानं पाहायचं असेल त वावरात पडलेला 20 फुटी पीव्हीसी पाइप उभा चिरा, नाली होते. एक टोक अर्धा मीटर उचलून ठेवा, मधात वाकू नये म्हणून खाली विटा द्या. वरच्या टोकाजवळ कंचा ठेवायची जागा ठरवा अन् तिथून 30, 120, 270, 480 सेंटीमीटरवर बारीक धागा आडवा बांधा, इतका बारीक की कंचा अडकू नये, नुसता टक आवाज यावा. आता कंचा सोडा, ढकलू नका. धागे एकमेकापासून दूरदूर होत जातात पण टक-टक-टक सारख्याच ठेक्यात ऐकू येते, साधारण सेकंदाला एक. सारख्या वेळेत 1, 3, 5, 7 अशा पटीत अंतर वाढलं, म्हणजे त्वरण एकसारखं. गॅलिलिओनंही उतारावरच गोळा सोडून हे मोजलं, अन् त्याच्याजवळ कुठली आली स्टॉपवॉच, भांड्यातून बारीक धारेनं पडलेलं पाणी तोलून तो वेळ काढायचा. 1638 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय त्यानं.

शेवटी विहीर. कठडा असलेलीच घ्या अन् सोबत मोठा माणूस पाहिजेच. खडा नुसता सोडायचा, फेकायचा नाही, अन् डुबुक होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. वेळेला वेळेनं गुणा, मंग 4.9 नं गुणा, पाण्यापर्यंतचे मीटर निघतात. आमच्याकडे दीड सेकंद आले, म्हणजे 11 मीटर, 36 फूट. बाबा म्हणे मोबाईलचं काही खरं नसते, दोर टाका. दोर 33 फूट भरला. पुतण्याचा अंगठा बटनावर जरासा उशिरा पडला होता, त्या खोलीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा उशीर झाला तरी पाच फुटाचा फरक पडते. आता तो दहा-दहा खडे टाकून सरासरी काढते, अन् बाबा म्हणतात विहीर बुजवशील.