ड्राफ्ट सर्व्हे: जहाजातला कोळसा पाण्यावरून कसा मोजायचा

पंचेचाळीस हजार टन कोळसा कुठल्या काट्यावर ठेवणार? म्हणून जहाज पाण्यात किती बुडालंय (म्हणजे ड्राफ्ट) ते वाचून एकूण वजन काढायचं आणि त्यातून बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी), गोडं पाणी, इंधन वजा करायचं. भरलेल्या आणि रिकाम्या जहाजाच्या अशा दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. नीट केलेल्या सर्व्हेतही अर्धा टक्का इकडेतिकडे होतो, हे धरूनच चालतात.

आधी क्रेन आणि बॅलास्टचे पंप थांबवायला सांगा. मग सहा ठिकाणचे ड्राफ्ट वाचा: पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी. आकडे १० सेंमी उंच असतात आणि आकड्याची खालची कड म्हणजे तो ड्राफ्ट. १० मीटरच्या वरच्या ‘४’च्या खालच्या कडेला पाणी असेल तर १०.४०, वरच्या कडेला असेल तर १०.५०. समुद्राकडची बाजू लाँचमधूनच वाचा. डेकवरून वाकून वाचलं की नजरेचा कोन फसवतो. लाटा असतील तर निदान दहा लाटांचं वर-खाली टिपून सरासरी काढा. खुणा परपेंडिक्युलरवर, म्हणजे जहाजाची लांबी ज्यांच्यामध्ये मोजतात त्या पुढच्या-मागच्या उभ्या रेषांवर, नसतात; ती दुरुस्ती आधी लावा.

समजा दुरुस्तीनंतर पुढे १०.००, मागे १२.००, मध्ये ११.०४ आले. मधल्याला सहा पट वजन: (१०.०० + १२.०० + ६ × ११.०४) ÷ ८ = ११.०३. नुसती पुढची-मागची सरासरी घेतली असती तर ११.००. टीपीसी, म्हणजे एक सेंटिमीटर बुडायला लागणारं वजन, ५७ टन असेल तर ३ सेंमीचे १७१ टन गेले.

पुढची पायरी ट्रिमची, म्हणजे पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधल्या फरकाची, आणि घोटाळा बहुतेक चिन्हात होतो. ट्रिम २ मीटर मागे, एलसीएफ (पाण्याच्या पातळीवरच्या जहाजाच्या आडव्या छेदाचा मध्य) मिडशिपच्या, म्हणजे लांबीच्या मध्याच्या, ३ मीटर मागे, लांबी १८५ मीटर: २ × ३ × ५७ × १०० ÷ १८५ = सुमारे १८५ टन. ट्रिम आणि एलसीएफ एकाच बाजूला, म्हणून अधिक. उलटं चिन्ह लावलंत तर ३७० टनांची चूक. काही जहाजांच्या तक्त्यात एलसीएफ मिडशिपपासून नव्हे, मागच्या परपेंडिक्युलरपासून दिलेला असतो. तक्त्याचं शीर्षक वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. ट्रिमची याखेरीज आणखी एक, दुसरी दुरुस्ती असते; ती मात्र नेहमी अधिकच.

मग पाण्याची घनता. खाडीत हे फार महत्त्वाचं: गोव्यात मांडवी-झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यात वर गोडं, खाली खारं पाणी असतं आणि भरती-ओहोटीनं ते बदलत राहतं. वरवर बादली टाकून चालत नाही. ड्राफ्टच्या साधारण निम्म्या खोलीवरचा नमुना, दोन-तीन ठिकाणचा, ड्राफ्ट वाचतानाच घ्या. जहाजाच्या सांडपाण्याच्या तोंडापासून लांब. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) ड्राफ्ट सर्व्हेचाच, काचेचा हवा; लोडलाइनचा, म्हणजे जहाज किती बुडू द्यायचं ती मर्यादा तपासायचा, वेगळा असतो. त्याला तापमानाची दुरुस्ती लावू नका. ५८,००० टन डिस्प्लेसमेंटवर (जहाजाच्या एकूण वजनावर) घनता ०.००१ नं चुकली की सुमारे ५७ टन चुकतात.

टाक्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘रिकामी’ म्हटलेलीही प्रत्येक टाकी टेपनं मोजा. टेप ज्या पाइपातून सोडता त्यात ती खाली टेकल्यावरची एकूण खोली तक्त्यातल्या पाइपच्या खोलीशी जुळते का बघा. कमी आली तर पाइपात गंज-गाळ साचलाय आणि तुम्ही पाणी नव्हे, गाळ मोजताय. भरलेली टाकी ओसंडली म्हणून पूर्ण भरली असं नाही: जहाज मागे झुकलेलं असेल तर मागच्या पाइपातून पाणी येतं आणि पुढच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. वाचन ट्रिमच्या तक्त्यातून काढा, आणि बॅलास्टचीही घनता मोजा, ते दुसऱ्या बंदरातलं पाणी असू शकतं.

माल उतरवल्यावर रिकाम्या जहाजाच्या डिस्प्लेसमेंटमधून लाइटशिप (जहाजाचं स्वतःचं रिकामं वजन) आणि सगळे द्रव वजा केले की कॉन्स्टंट उरतो: सामान, रंग, गाळ वगैरे. तो मागच्या सर्व्हेंच्या आकड्यांशी ताडून पाहा. एकदम वाढला असेल तर बहुधा कुठल्यातरी टाकीत न मोजलेलं पाणी आहे. ऋण आला तर सही करू नका; चीफ ऑफिसरला घेऊन टाक्यांपासून पुन्हा सुरुवात करा.