पूर्व जर्मनीचा १९९०चा निकाल कसा वाचावा

पूर्व जर्मनीची १८ मार्च १९९०ची पहिली मुक्त निवडणूक समजून घ्यायची असेल, तर जागांचा तक्ता लगेच उघडू नका. मी इतिहास शिकवते आणि माझ्या वर्गात सुरुवात आदल्या वर्षीच्या ७ मेपासून होते. त्या दिवशीच्या स्थानिक निवडणुकीत 'नॅशनल फ्रंट'च्या, म्हणजे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या हाताखालच्या सगळ्या पक्षांच्या आघाडीच्या, एकमेव यादीला ९८.८५ टक्के मतं मिळाल्याचं सरकारनं जाहीर केलं.

ते मतदान एकदा हातानं करून बघा. कागदावर दहा-बारा नावं लिहा, घडी घाला, डब्यात टाका. झालं मतदान! विरोध नोंदवायचा तर एकेक नाव खोडायला हवं. कोपऱ्यातल्या आडोशाकडे जाणाराही नजरेत यायचा. पण मतमोजणी पाहायला कायद्यानं मुभा होती. त्या वर्षी कार्यकर्ते मोजणीला उभे राहिले, आकडे लिहून घेतले, बेरजा केल्या आणि खोटेपणा उघडा पाडला. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

आता मार्चचा निकाल घ्या. मतदान ९३.४ टक्के, जागा ४००. ख्रिश्चन डेमोक्रॅट (सीडीयू) पक्षाला १६३, सोशल डेमोक्रॅट (एसपीडी) पक्षाला ८८, नाव बदललेल्या जुन्या सत्ताधारी पक्षाला, म्हणजे पीडीएसला, ६६. आणि 'बुंडनिस ९०'ला १२. १९८९च्या शरदात जुन्या सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या चळवळींची ही आघाडी, तिची मतं अवघी २.९ टक्के. इथे थांबा आणि एक हिशेब करा: पश्चिम जर्मनीसारखी किमान ५ टक्के मतांची अट असती तर काय झालं असतं? एकही जागा नाही. अशी अट नव्हती, म्हणून ते १२ जण सभागृहात बसले.

यावरून मतदार कृतघ्न होते, असा निष्कर्ष काढू नका. फेब्रुवारीत पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांनी दोन्ही जर्मनींच्या चलन-एकीकरणाचा प्रस्ताव मांडला होता, ते प्रचारातही उतरले होते. लोकांनी मत दिलं ते दोन्ही जर्मनी लवकर एक होण्याला आणि पश्चिमेच्या मार्क या चलनाला. १ जुलैला तो मार्क हातात आलाही. एक सावधगिरी मात्र बाळगा: पूर्वेतला सीडीयू काही नवा पक्ष नव्हता. तोही त्याच नॅशनल फ्रंटमध्ये चाळीस वर्षं बसलेला होता. 'जुने हरले, नवे जिंकले' असं सरळ वाक्य लिहिलं तर मी ते खोडते.

शेवटी नकाशा घ्या. दक्षिणेकडच्या एर्फुर्ट आणि कार्ल-मार्क्स-श्टाट या जिल्ह्यांत सीडीयू आणि त्याच्या मित्रपक्षांच्या आघाडीनं निम्म्याहून जास्त मतं घेतली. पूर्व बर्लिनमध्ये एसपीडी पहिला आला आणि पीडीएस दुसरा, सुमारे ३० टक्क्यांवर. राजधानीत राज्ययंत्रणेची कार्यालयं होती, दक्षिणेत कारखाने. कामगारांच्या नावानं चाललेल्या राज्याला कामगारांनीच का सोडलं, हा प्रश्न वहीत लिहा आणि त्या कारखान्यांचा इतिहास वाचायला घ्या.