नवतपा: शेतकामाचं घड्याळ आताच फिरवा

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या माणसाला 45 अंशांचं काही वाटेनासं झालंय, आणि घात तिथेच होतो. वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. उघड्या वावरात, तापलेल्या काळ्या मातीवर वाकून काडीकचरा वेचणाऱ्या बाईला झळ त्याहून कितीतरी जास्त लागते. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की उद्याच्या कामाची वेळ बदलायची, एवढा साधा अर्थ घ्या.

पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) उपटणं, वखरपाळी, भुईमूग काढणी पहाटे साडेपाचला धरा, साडेदहाला सोडा. राहिलं ते संध्याकाळी पाचनंतर. पण हजेरी पूर्ण द्या. मजुरी कापली जाणार असेल तर कोणती बाई साडेदहाला घरी जाईल? उक्तं, म्हणजे ठरलेल्या रकमेत पुरं करायचं काम दिलं असेल तर धोका आणखी वाढतो, कारण थांबलं की पैसा बुडतो.

तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. ताक, पन्हं, अंबिल उत्तम. ओआरएसचं पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बऱ्याच बाया वावरात मुद्दाम कमी पाणी पितात, कारण लघवीला आडोसा नसतो. चार काठ्यांना जुनं लुगडं बांधून द्या. माठ भरून ठेवण्याइतकंच ते गरजेचं आहे.

नव्याने लागलेला सालदार किंवा पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा यांना पहिला आठवडा अर्धंच काम द्या. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि जोम दाखवायची हौस नेमकी पहिल्या दोन दिवसांत असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या घेणाऱ्यांनी उन्हातल्या कामाबद्दल डॉक्टरांना विचारावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

ऊन लागलं की घाम बंद होतो, असं सगळेच सांगतात. पण कष्टाचं काम करताना ऊन लागलं तर अंग घामाने निथळत असतं आणि तरी माणूस हातचा जातो. लक्ष ठेवा ते बोलण्या-चालण्यावर. असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, झोकांड्या जाणं दिसलं की 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता आणि दुपट्ट्याने जोरात वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही. तळपायाला कांदा चोळण्यात दहा मिनिटं घालवाल, तीच दहा मिनिटं पाणी ओतायला हवी असतात. दिवसा लाईट असेलच असं नाही, म्हणून 200 लिटरचा ड्रम रात्रीच भरून धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुलिंबाखाली ठेवा.

पांदणीतून, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेने, रुग्णवाहिका येत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत कोणाची गाडी न्यायची हे गावाने आधीच ठरवावं. चालक आणि आशाताईंचा नंबर विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीवर खडूने नाही, रंगाने लिहा. नवतप्यात वावरात एकट्याने जाऊ नका. गावात टिनाच्या घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, याची यादी आशाताईंना तोंडपाठ असते. दुपारी त्यांच्यासाठी शाळेची खोली किंवा समाजमंदिर उघडं ठेवायला सरपंचांना सांगा. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी नसेल तर मागून घ्या, तो हक्क आहे.

बैल दुपारी जुंपू नका. म्हशीला घाम कमी येतो, तिच्या अंगावर दिवसातून दोनदा पाणी मारा. गोठ्याच्या टिनावर पऱ्हाटी पसरली तरी आत फरक पडतो. जनावर धापा टाकू लागलं तर 1962 वर फोन करा.

मृगाच्या तोंडावर पहिला शिडकावा पडला की पारा उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात. तेव्हा हवा दमट असते, घाम सुकत नाही, घरातला कूलरही गार करत नाही. अशा हवेत 38-40 अंशही मे महिन्याइतकेच बाधतात. पेरणीची घाई त्याच दिवसांत असते. लिंबाखालचा ड्रम तोवर हलवू नका.