बोनमॅरो बायोप्सी: हाताची सुई की मशीन? नवीन रेसिडेंटसाठी

पॅथॉलॉजीला नवीन आलेले ज्युनियर हमखास विचारतात, मॅडम, बोनमॅरो बायोप्सी (हाडातल्या मगजाचा तुकडा काढणं) मशीनने पटकन होतं तर हाताने कशाला शिकायचं. मी विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्या पेशंटवर दोन्ही केलंय, म्हणून मनापासून सांगते, आधी हात बसवा.

हाताची म्हणजे जमशिदी सुई, 1971 पासून चालत आलेली. पेशंटला कुशीवर घ्या, गुडघे पोटाशी, आणि कमरेमागचं हाडाचं टोक बोटाने नीट चाचपा. लोकल (जागा बधिर करायचं इंजेक्शन) नुसतं कातडीत देऊन भागत नाही, पेरिऑस्टियमवर, म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणावर, चार जागी पसरवा आणि मग थांबा, खरंच थांबा, पेशंटचा निम्मा त्रास इथंच वाचतो. नंतर सुई डावी-उजवी फिरवत दाबत न्यायची, आत शिरली की जोर एकदम कमी लागतो आणि हात काढला तरी ती हलत नाही. तेव्हा स्टायलेट (सुईच्या आतली काडी) काढून पुढे जायचं. शेतात राबलेल्या गड्याचं हाड इतकं टणक असतं की आपलं मनगट भरून येतं, आणि म्हाताऱ्या बायांचं एवढं भुसभुशीत की सुई भसकन जाते. हा फरक हाताला कळला नाही तर ड्रिल कुठं थांबवायची हे कसं कळणार?

ऑनकंट्रोलसारखी बॅटरीवरची ड्रिल टणक हाडात मोठा आधार आहे, काही सेकंदात आत जाते, कोअरही (सुईत येणारा हाड-मगजाचा तुकडा) बरेचदा लांब येतो. पण सुई एकदाच वापरायची आणि महाग, कापसाचे पैसे यायचे असलेल्या घराला ते परवडत नाही. आवाजाने पेशंट दचकतो, म्हणून आधी ऐकवून ठेवा. आणि सिरिंजने मॅरो ओढताना जी कळ जाते ती दोन्हीत असतेच. "माय वं, पायापर्यंत गेली बाई," असं एक आजी म्हणाल्या होत्या, तेव्हापासून मी ओढायच्या आधी सांगतेच.

कशानेही करा, कोअर दीड सेंटिमीटर तरी हवा, प्रोसेसिंगमधे तो आणखी आक्रसतो. ड्राय टॅप आला, म्हणजे सिरिंजमधे मॅरो आलाच नाही, तर फॉर्मॅलिनमधे (तुकडा टिकवायच्या द्रावणात) टाकायच्या आधी कोअर स्लाइडवर हलक्या हाताने टेकवून इम्प्रिंट (पेशींचा ठसा) घ्या, नाहीतर सुट्या पेशी बघायला काहीच उरत नाही. आणि एसटीने लांब गावी जाणाऱ्याला ड्रेसिंग पुन्हा बघितल्याशिवाय सोडू नका, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फारच कमी असतील तर सरळ मुक्कामाला ठेवा.