सेलमधून बिडाचं एनॅमल भांडं आणि चांगलं स्टील कसं निवडावं

सेलच्या पाटीवरचा सवलतीचा आकडा भांड्याबद्दल काहीच सांगत नाही. 'निम्म्या किमतीत' म्हणताना मूळ किंमत विकणाऱ्यानेच ठरवलेली असते, आणि ती फुगवली की सूट हवी तेवढी दाखवता येते. भांड्याचा कस कळतो तो धातूवरून, जाडीवरून, तळावरून आणि काठावरून. या चार गोष्टी तपासायला पाच मिनिटं पुरतात.

आधी यादी, मग सेल

काय शिजवता, किती जणांसाठी आणि कोणत्या शेगडीवर, हे आधीच लिहून ठेवा. भांडं किती लिटरचं आणि तळाचा व्यास किती, हेही ठरवा. तळ शेगडीपेक्षा फार मोठा असला तर कडेचं कच्चं राहतं आणि मधलं करपतं. हव्या त्या भांड्याची एरवीची किंमत दोन-तीन ठिकाणी पाहून ठेवलीत, तर सूट खरी की नुसती पाटीवरची, हे लगेच कळेल. 'दहा नगांचा संच' दिसला तर झाकणंही नगांत धरली आहेत का ते मोजा. बहुतेकदा धरलेली असतात. मी तर संचापेक्षा सुटी भांडी घ्या असंच सांगेन. संचातली निम्मी भांडी कपाटातून बाहेरच येत नाहीत.

एनॅमलचं बीड पाहताना

एनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच आहे. काचेची पूड बिडावर चढवून सुमारे 800 अंश सेल्सिअसला भाजली की ती वितळून धातूला घट्ट धरते. म्हणून या भांड्याचे दोषही काचेचेच: टवका, तडा, बारीक छिद्र.

भांडं उजेडात तिरकं धरा आणि आतून बोट फिरवा. आतल्या बाजूला टवका किंवा टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलं, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तिथून गंज धरतो, आणि एकदा टवका उडाला की शेजारची काचही सुटत जाते. काठावर मात्र पुष्कळ भांड्यांना काळपट, खरखरीत पट्टी असते. ती तशीच ठेवलेली असते, तो दोष नव्हे.

'सेकंड्स' म्हणून विकला जाणारा माल मला आवडतो. बाहेरच्या रंगातली फिकी-गडद छटा किंवा बाहेरचा लहानसा फुगवटा, एवढ्यासाठी नामांकित कारखाने भांडं बाजूला काढतात. स्वयंपाकाला त्याने काही फरक पडत नाही. अट एकच, आतली बाजू निर्दोष हवी.

झाकण ठेवून हलकेच फिरवा. ते डुगडुगता कामा नये. मूठ प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची असेल तर ती ओव्हनमध्ये किती अंशांपर्यंत चालते ते विचारा. धातूची असली तर हा प्रश्नच मिटतो. मग भांडं उचलून पाहा. पाच लिटरचं भांडं झाकणासकट पाच किलोच्या आसपास भरतं, आणि भरल्यावर जवळपास दुप्पट होतं. जाड कापड धरलेला हात दोन्ही कानांत नीट बसला पाहिजे. उलट ते फारच हलकं लागलं तर ते बीड नसून पत्र्यावर चढवलेलं एनॅमल असण्याची शक्यता जास्त.

आतला रंग हा आवडीपेक्षा कामाचा प्रश्न आहे. 1925 पासून एनॅमलचं बीड बनवणाऱ्या ल क्रूझेच्या बहुतेक भांड्यांचा आतला रंग फिका असतो, त्यामुळे तळाशी किती तांबूस झालंय ते दिसतं. 1974 मध्ये सुरू झालेल्या स्टाउबचा काळा, खरखरीत असतो. त्यावर डाग दिसत नाहीत.

स्टील पाहताना

स्टेनलेस स्टील उष्णता फार हळू पसरवतं. ॲल्युमिनियम त्याच्या दसपटीहून जास्त वेगाने पसरवतं, म्हणून चांगल्या भांड्यात दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं. प्रश्न एवढाच, की ते फक्त तळाला आहे की थेट काठापर्यंत?

नुसत्या तळाला चकती असली की बुडाशी जोड दिसतो. पाणी उकळायला, रस्सा शिजवायला हे भांडं उत्तम. पण चकती तळापेक्षा लहान असेल तर तिच्या भोवतीच्या कड्यात अन्न करपतं, तेव्हा ती कडेपर्यंत पोचते ना ते पाहा. परतायचं, खरपूस करायचं असेल तर काठापर्यंत तिन्ही थर असलेलं भांडं, म्हणजे ट्रायप्लाय, घ्या. एकूण जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असली की पुरे. 'पाच थर' ऐकून भुलू नका. पातळ पाच थरांपेक्षा जाड तीन थर केव्हाही चांगले.

स्टीलवर लिहिलेलं 18/10 म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल. 18/8 मध्ये आणि त्यात घरच्या वापरात फरक जाणवत नाही. 18/0 मध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्यामुळे ते मिठाला लवकर बळी पडतं. इंडक्शन असेल तर बाहेरच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे.

तळावर पट्टी उभी धरा. मध्यभागी किंचित खोलगट असलं तर चालतं, तापल्यावर तळ सपाट होतो. बाहेर फुगलेला तळ मात्र काचेच्या शेगडीवर गरगर फिरतो. असं भांडं घेऊ नका. दांडा धरून जोर लावा, तो भांड्याला जोडणारा रिव्हेट जराही हलता कामा नये.

ऑनलाइन घेत असाल तर

परतीची मुदत आणि सवलतीच्या मालाला हमी लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचा. सेकंड्सवर ती बरेचदा नसते. खोका आल्या दिवशीच उघडा, कारण बिडाचे टवके बहुधा वाहतुकीतच उडतात. वरच्या सगळ्या तपासण्या करून, फोटो काढून झाल्याशिवाय भांडं चुलीवर चढवू नका. वापरलेलं भांडं परत घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही.