जुनी फोर-स्ट्रोक ट्रायल्स बाइक निवडताना या चुका टाळा

ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. निसरड्या दगडांवरून, ओढ्यातून चालण्याच्या गतीने बाइक काढायची. पाय टेकला की १ गुणाचा दंड, अडकलात की ५. ज्याचा दंड कमी, तो जिंकला. ब्रिटनमध्ये हा खेळ आजही जुन्या गाड्यांवर मनापासून खेळला जातो आणि तिथे स्थायिक झालेले आपले काही बाइकवेडेही या वाटेला लागतात. त्यातले बरेच जण रोड बाइकचे निकष लावून गाडी घेतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

सीसी बघून भाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांनी ५०० सीसीच्या एरियलवर १९६२ आणि १९६४ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची नामांकित स्पर्धा जिंकली, म्हणून ती एरियल एचटी५ हवीच असं अनेकांना वाटतं. पण मिलर यांची गाडी वर्षानुवर्षं घासूनपुसून हलकी केलेली होती. आणि तेच मिलर पुढे स्पॅनिश कंपनी बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोककडे वळले, १९६५ची स्पर्धा त्यांनी तिच्यावर जिंकली. नवख्या माणसाने १९९ सीसीची ट्रायम्फ टायगर कब किंवा २४७ सीसीची बीएसए सी१५ घ्यावी, हे माझं ठाम मत. दुपारनंतर हात भरून येतात तेव्हा गाडीचं वजनच तेवढं जाणवतं.

दुसरी चूक म्हणजे थंड इंजिन एका किकमध्ये सुरू झालं की सौदा पक्का करणं. वीसेक मिनिटं चालवा, इंजिन चांगलं तापू द्या. मग दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालत असताना थ्रॉटल किंचित उघडा. खोकलून बंद पडली तर आधी आमाल कंपनीचा कार्ब्युरेटर पाहा. त्यातली थ्रॉटलने वर-खाली होणारी स्लाइड बोटाने हलवून बघा, खुळखुळत असेल तर झिजली आहे. नट जास्त आवळल्याने फ्लँज (कार्ब्युरेटरची इंजिनला जोडणारी बाजू) वाकते आणि तिथून हवा शिरते, हेही नेहमीचं. गाडी बरेच महिने उभी असेल तर पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजलेला असण्याची शक्यता मोठी.

कब आणि सी१५च्या स्पर्धेच्या मॉडेल्सवर बॅटरीशिवाय चालणारं ‘एनर्जी ट्रान्सफर’ इग्निशन असायचं. त्यात पॉइंट्स (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारे संपर्क) नेमके कधी उघडतात यावर ठिणगीची ताकद ठरते. टायमिंग जरा सरकलं की ठिणगी मरतुकडी होते आणि तापलेली गाडी किकला दाद देत नाही. लोक प्लग बदलतात, कार्ब्युरेटर बदलतात, खिसा रिकामा करतात. आधी पॉइंट्सचा गॅप आणि टायमिंग बसवा. तरीही हैराण झालात तर सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्या.

धुराचा अर्थ लावतानाही घाई नको. या दोन्ही गाड्यांचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. गाडी उभी राहिली की ते पंपातून झिरपत खाली इंजिनच्या तळाशी, क्रँककेसमध्ये उतरतं. सुरू करताच निळा धूर सुटतो आणि थोड्या वेळात ओसरतो. हे पाहून पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणत इंजिन उघडू नका. खरी तपासणी वेगळी: इंजिन चालू ठेवून ऑइलच्या टाकीचं झाकण काढा, परतीच्या नळीतून ऑइल येतंय का बघा. ते येत नसेल तर लगेच इंजिन बंद करा. कब आणि सी१५मध्ये क्रँकच्या टायमिंग बाजूला साधा बुश (धातूच्या नळीसारखं बेअरिंग) असतो. तो झिजला की ऑइलचा दाब पडतो आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) कोरडा राहतो. दुरुस्तीला इंजिन पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा भाव करताना तो खर्च आधीच वजा करा.

बुलेटबद्दल आपल्याला जिव्हाळा असणारच, आणि तो अनाठायीही नाही. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली रॉयल एनफिल्डवरच स्कॉटिश जिंकली होती. ३५० बुलेटचं ७० बाय ९० मिलिमीटरचं इंजिन नंतर मद्रासमध्ये अनेक दशकं बनत राहिलं, त्यामुळे सुट्या भागांची चणचण कमी. पण नंतरच्या भारतीय बुलेटला उंच सायलेन्सर आणि जाड टायर लावून ‘जुनी ट्रायल्स’ म्हणून विकणारेही आहेत. फ्रेमवरचा आणि इंजिनवरचा नंबर कागदपत्रांशी स्वतः ताडून पाहा.

स्पर्धेतला गट न बघता गाडी घेणं हीही चूकच. होंडा टीएलआर२०० उत्तम, मऊ, विश्वासू गाडी आहे. १९८२ ते १९८४ एडी लेजून होंडाच्या फोर-स्ट्रोकवरच जगज्जेते होते. पण ती ट्विनशॉक (मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या, नंतरच्या गाड्यांच्या) गटात बसते. स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हनच्या प्री-६५ (१९६५ पूर्वीच्या गाड्यांच्या) स्पर्धेचं स्वप्न असेल तर ती चालणार नाही. ज्या क्लबात उतरायचं आहे तिथले नियम आधी मागवा, मगच बयाणा द्या.