जुनी वेस्पा किंवा चेतक चालवताय? या चुका टाळा

जुनी वेस्पा स्कूटर हाती आली की बहुतेकजण तिला छोटी मोटारसायकल समजून वागवतात, आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. ही गाडी ज्याने आखली त्या कोराडिनो दास्कानियोला मोटारसायकल मुळी आवडतच नसे. तो विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम केलेला इंजिनिअर. पियाजिओ कंपनीचा इटलीत पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. त्यानंतर कंपनीच्या एन्रिको पियाजिओने लोकांना परवडेल असं वाहन काढायचं ठरवलं. ‘पापेरिनो’ हा आधीचा नमुना त्याच्या मनात भरला नाही, म्हणून काम दास्कानियोकडे आलं. चेन नको, कपड्यांना ग्रीस नको, चाक काढताना हाल नकोत, असा त्याचा हिशेब. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. पहिली वेस्पा ९८ सीसीची, वेग ताशी ६० किलोमीटर.

हीच घडण पुढे आकुर्डीला आली. बजाजने साठच्या दशकात परवान्यावर वेस्पा बनवली. परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं दोघींना लागू पडतं.

रंग बघून गाडी घेणं

या गाडीला वेगळी चासी नाही. दाबून घडवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणजे पाय ठेवायचा फ्लोअर गंजला तर ते नुसतं दिसण्याचं दुखणं नव्हे, गाडीचा कणाच गेलेला असतो. सध्या ‘रिस्टोअर’ केलेल्या चकचकीत स्कूटरना भाव आलाय, आणि त्या रंगाखाली बऱ्याचदा पुट्टीच असते. मॅट उचला, गाडी आडवी करून खालून टॉर्च मारा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि फ्लोअरवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा उरलेला नाही. विकणारा या वेळी हमखास दुसरा विषय काढतो.

चाकाचे चुकीचे नट सोडणं

ही चूक जिवावर बेतू शकते. विमानाच्या चाकासारखं वेस्पाचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, त्यामुळे कारसारखं बाजूला ओढून काढता येतं आणि स्टेपनी मिनिटांत बसते. पण रिम दोन तुकड्यांची असते. काही नट चाक ड्रमला धरतात, तर काही रिमचे दोन तुकडे एकमेकांना. ट्यूबमध्ये हवा असताना हे दुसरे नट सोडले तर तुकडे जोरात उडतात. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, टायर हाताने दाबून बघा, मगच रिम उघडा. नवशिक्या पंक्चरवाल्याच्या शेजारी उभं राहायला लाजू नका.

दोन्ही चाकांत सारखीच हवा भरणं हीसुद्धा मोटारसायकलची सवय. १० इंची टायरवर पुढे १८ पीएसआय, मागे एकट्यासाठी २५ आणि डबलसीटला ३६ च्या आसपास ठेवा.

फॅनचं कव्हर न बसवणं

इंजिन डिकीआड झाकलेलं असतं. समोरचा वारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मॅग्नेटवरचा, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकावरचा, फॅन हवा फेकतो आणि पत्र्याचं कव्हर ती सिलिंडरकडे वळवतं. घाईत काम करणारा मेकॅनिक हे कव्हर बाजूला ठेवून देतो, ‘नसलं तरी चालतं’ म्हणून. चढावर डबलसीट निघालात की पिस्टन जाम.

अंदाजपंचे ऑइल

या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि क्रँकला मिळतं ते पेट्रोलमधून येणारं ऑइल, बस्स. लिटरला २० मिली, म्हणजे दोन टक्के. अगदी सुरुवातीच्या मॉडेलना जास्त लागतं. ‘जास्त टाकलं तर बरंच’ म्हणणाऱ्यांचा प्लग काळा पडतो, सायलेन्सर कार्बनने तुंबतो आणि गाडी ओढत नाही. गिअरचं ऑइल वेगळं, त्याचा या मिश्रणाशी संबंध नाही.

मिश्रण बरोबर असूनही धूर थांबत नसेल तर गिअर ऑइलची पातळी बघा. ती घटत असेल तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन तेच ऑइल जाळतंय. उलट अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन चढंच राहत असेल तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. कार्बोरेटरचा स्क्रू पिळून हे बरं होत नाही.

उठसूट तिरकी करणं

स्कूटर तिरकी करून किक मारणं आपल्याकडे अंगवळणी पडलेलं. थंड इंजिनाला किंवा टाकीत तळाशी पेट्रोल असताना ठीक. गरम इंजिनावर तेच केलं तर जादा पेट्रोल आत जाऊन प्लग भिजतो. तसं झालंच तर पेट्रोलचा कॉक बंद करा, चोक सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारत राहा. तरीही नाही लागली तर प्लग काढून पुसा. गाडी उभी करताना कॉक रोज बंद करा. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

गिअर निसटला की इंजिन उघडणं

आधी केबल. दोन्ही गिअर केबल ताणून, हँडलवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला गिअर जुळतोय का ते बघा. तरीही निसटत असेल तरच गिअरबॉक्समधला गिअर धरून ठेवणारा क्रॉस झिजलाय असं धरा.

यातलं काहीही २०१२ पासून बारामतीत बनणाऱ्या वेस्पाला लावू नका. ती फोर-स्ट्रोक, बिनगिअरची. तिच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकायचं नसतं, इंजिन ऑइल ठरलेल्या किलोमीटरला बदलायचं असतं.